पिवळ्या चिकणमातीतला खड्डा

१

मत्स्यरक्षण निरीक्षणालयात मी एकतीस वर्षे कारकून होतो. या काळात मी एकही मासा वाचवला नाही, पण मासे वाचवल्याचे कागद इतके केले की ते सगळे आमच्या चाम्गा नदीत सोडले असते तर तिच्यावर बांध झाला असता आणि मासे आपोआपच वाचले असते.

काम असे चाले. जुलैत सॅल्मन समुद्रातून नदीत शिरतो, अंडी घालायला. त्याच्या मागोमाग चोरटे मासेमार शिरतात. ते रात्रीतून जाळी लावतात, मादीचे पोट फाडतात, अंड्यांची लाल गाबोळी निळ्या पिंपांत भरतात आणि मासा अस्वलांसाठी काठावर टाकून देतात. मग आमचे निरीक्षक जातात आणि पिंपे जप्त करतात. जप्त गाबोळी खाण्यालायक धरायची नाही, असा नियम आहे. खड्डा खणायचा, गाबोळी ओतायची, वर रॉकेल ओतायचे, माती लोटायची आणि तसा पंचनामा करायचा. त्यावर चार सह्या लागतात: मुख्य निरीक्षक, निरीक्षक, पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन.

प्रत्यक्षात पिंपे मुख्य निरीक्षक गेर्मान लुकिच यांच्या गॅरेजात जात आणि तिथून बर्फाच्या ट्रकने शहरात. खड्डा कोणी खणत नसे. कागदावर असलेला खड्डा पुन्हा जमिनीत खणणे म्हणजे दुप्पट काम, आणि आमच्या कचेरीत एकपट काम करायलाही माणसे कुरकुरत.

पंच क्रमांक एक मी, वेनियामिन साव्विच. पंच क्रमांक दोन आमचा ड्रायव्हर फिल्या, साठीला टेकलेला, कायम ओल्या कुत्र्यासारखा वास येणारा माणूस. निरीक्षकाचे पद दोन वर्षे रिकामे होते, म्हणून त्या ओळीवर मी रेघ मारत असे.

पंचनाम्याचा नमुना वरच्या कचेरीतून आला तेव्हा त्यात एक नवा रकाना होता: ‘मातीचा प्रकार’. असले रकाने ज्यांना सुचतात त्यांना काय खायला घालतात देव जाणे. मी लिहिले, ‘पिवळी चिकणमाती’. का, तर मी आयुष्यात नीट लक्ष देऊन एकच खड्डा खणताना पाहिला होता. तो पार पश्चिमेला, आमच्या मूळ गावी, माझ्या आईसाठी खणलेला होता. तिथली माती पिवळी होती, फावड्याला चिकटत होती.

आमच्या उस्त-चाम्गा गावात मात्र चिकणमाती नावालाही नाही. इथे ज्वालामुखीची काळी राख आहे. ती चहात असते, कॉलरीत असते, झोपेतून उठल्यावर दातांत असते. हे मला लिहिताना आठवले नाही. वाचणाऱ्यांनाही कधी आठवले नाही. तोच नमुना मी वर्षानुवर्षे वापरला. फक्त तारीख आणि खड्ड्याचा क्रमांक बदलायचा. जागा ठरलेली: मासे खारवण्याच्या जुन्या शेडपासून तीनशे पावले, एकट्या बर्चच्या झाडापाशी. तिथे कोणीच जात नसे, म्हणून ती निवडली.

२

खड्डा क्रमांक एकोणीसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो आणि माझे गॅलोश खराब झालेले दिसले.

हे बुटांवर चढवायचे रबरी गॅलोश मी कचेरीतच ठेवत असे, टोप्यांच्या खुंट्यांखाली, टाचा भिंतीला लावून. आता ते खुंट्यांखालीच होते, पण घोट्यापर्यंत मातीने लडबडलेले. माती पिवळी होती. नखाने खरवडली तर लोण्यासारखी नखाला चिकटली. रॉकेलचा वास येत होता.

मी भडकलो. घाबरलो नाही, भडकलो. दुसऱ्याची पादत्राणे घालणारा माणूस उद्या दुसऱ्याचा टूथब्रश वापरेल.

“फिल्या!” मी अंगणात जाऊन ओरडलो. “माझे गॅलोश घालून कुठे शेण खायला गेला होतास?”

फिल्या जीपच्या खालून बाहेर आला. “तुझे गॅलोश? साव्विच, ते माझ्या अंगठ्यालाही पुरणार नाहीत. तुझे पाय म्हणजे नाचणाऱ्या पोरीचे पाय.”

“मग हे काय आहे?”

त्याने पाहिले. मग जीपचे दार उघडले आणि स्वतःचे उंच बूट काढून दाखवले. तेही घोट्यापर्यंत पिवळे होते.

“मी धुतो,” तो म्हणाला. “तूही धू. चौकशा करत बसू नकोस.”

“तू गेला होतास कुठे?”

“घरी होतो. बायकोला विचार. माझ्या घोरण्याने तिचा डोळा लागला नाही म्हणून सकाळपासून शिव्या देतेय.”

मी धुतले. सुटायला फार वेळ लागला. पुढचे दोन महिने मी तारखा टिपून ठेवल्या. ज्या दिवशी पंचनाम्यावर सही केली, त्याच्या दुसऱ्या सकाळी गॅलोश पिवळे. एरवी स्वच्छ. एकदाही चूक नाही. आता, एखादी गोष्ट अनियमित असती तर मला भीती वाटली असती. पण जी गोष्ट इतक्या काटेकोरपणे होते ती कोणाचा तरी खोडसाळपणाच असणार, असे मी ठरवले. खोडसाळ माणसाला ही माती इथे कुठे मिळत होती, हा प्रश्न मी पुढे ढकलला. पुढे ढकलणे हाच माझा व्यवसाय होता.

मी गॅलोश कपाटात ठेवून कुलूप लावले. खड्डा क्रमांक बावीसनंतर कुलूप जागेवर होते आणि गॅलोश आतल्या आत ओले होते. कपाटातल्या दोन फायली खराब झाल्या. त्या मला नव्याने कराव्या लागल्या.

३

निरीक्षकाच्या रिकाम्या पदावर अग्निया रोमानोव्ना आली ती पुढच्या जूनमध्ये. तिशीची, आखूड केसांची, मत्स्यबीज केंद्रात सात वर्षे काढलेली. माशांविषयी ती अशी बोले जशी इतर बायका सासरच्यांविषयी बोलतात, अगदी नावानिशी आणि संतापाने.

“वरच्या ओढ्यात गेल्या साली किती माद्या पोचल्या माहीत आहे, वेनियामिन साव्विच? चाळीस. पूर्वी पाण्यात पाऊल टाकायला जागा नसायची. अजून तीन-चार वर्षं हेच चाललं तर आपण कशाचं रक्षण करणार? दगडांचं?”

“दगडांचे कागद सोपे असतात,” मी म्हणालो. ती हसली. मला ती आवडली, आणि म्हणूनच मी मनातून वैतागलो. आवडणारी माणसे कचेरीत आली की काम वाढते.

जुलैच्या मध्यावर तिने नदीच्या मुखाशी एकटीने एक टोळी पकडली. चव्वेचाळीस पिंपे. तिने ती कचेरीच्या शेडमध्ये ठेवली, दाराला स्वतःचे सील लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. “उद्या सकाळी माझ्या डोळ्यांदेखत नष्ट करायची,” ती म्हणाली.

सकाळी सील शाबूत होते आणि शेड रिकामी होती. शेडची मागची भिंत सैल फळ्यांची आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. माझ्या टेबलावर गेर्मान लुकिचची चिठ्ठी होती: ‘क्र. सत्तावीस. चव्वेचाळीस पिंपे. सह्या.’

गेर्मान लुकिच म्हणजे रुंद, गुलाबी, सदा नुकताच आंघोळ करून आल्यासारखा दिसणारा माणूस. तो कोणावर कधी ओरडत नसे.

“ये, बाईसाहेब ये,” तो अग्नियाला म्हणाला. “माल पहाटेच नष्ट केला. तू झोपली होतीस, म्हटलं कशाला उठवायचं. इथे सही कर.”

तिने पंचनामा उभ्याउभ्या वाचला. माझा कागद इतका नीट कोणी वाचलेला मी प्रथमच पाहत होतो.

“पिवळी चिकणमाती?” ती म्हणाली. “या किनाऱ्यावर? दोनशे कोसांत नाही.”

“साव्विच, बाई काय विचारते?”

“नमुन्यात तसं आहे,” मी म्हणालो.

“मला खड्डा दाखवा,” ती म्हणाली. “मग सही करते.”

गेर्मान लुकिचने चहात साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.

“हे बघ पोरी. माल तुझ्या ताब्यात होता. सील तुझं, किल्ली तुझ्या गळ्यात. पंचनाम्यावर सही झाली तर माल नष्ट झाला. सही झाली नाही, तर माल गेला. आणि माल गेला तर तो कोणी नेला, हे मी सांगायची गरज आहे? शुक्रवारी कागद वर जातात. तुला तुरुंगात टपाल पाठवताना मला वाईट वाटेल.”

“मी सरकारी वकिलाला लिहीन.”

“लिही की. तो माझ्याकडूनच गाबोळी खातो.” मग माझ्याकडे वळून, “साव्विच, तिला घेऊन जा. दाखव खड्डा. हवा बरी आहे, पाय मोकळे होतील.”

४

दुपारी साडेबाराला आम्ही निघालो. मी, ती आणि फिल्या. मला काय दाखवायचे आहे हे मला माहीत होते: एक बर्चचे झाड आणि काही नाही. तिथे उभा राहून मी खांदे उडवणार होतो आणि तिला समजावणार होतो की सही कर, बाई, मीही केली आहे, माणूस मरत नाही. माझ्या पेन्शनला तीन महिने उरले होते.

खारवण्याच्या शेडपाशी फिल्या थांबला.

“मी इथेच बसतो.”

“का? पाय दुखतात?”

“मी तिथे पुरेसा उभा राहिलोय,” तो म्हणाला आणि पालथ्या पिंपावर बसून विडी पेटवू लागला. त्याच्या चार काड्या विझल्या.

आम्ही पुढे गेलो. मी पावले मोजत होतो, कारण कागदावर तीनशे लिहिली होती आणि ती खरी आहेत का हे मी कधी पाहिले नव्हते. साठाव्या पावलाला समुद्राकडून धुके आले. ते दुपारी येतेच, त्यात काही विशेष नाही. शंभराव्या पावलाला मला गवतात पायवाट दिसली. अरुंद, पण चांगली तुडवलेली, वर्षानुवर्षांची. तिथे कोणीच जात नसे.

“म्हणजे खड्डा आहे तर,” अग्निया म्हणाली. आवाजात थोडी निराशा होती.

दोनशेच्या पुढे काळ्या राखेत पिवळे डाग लागले. आधी नखाएवढे, मग तळव्याएवढे. मी म्हणालो, “गंज असेल.” तिने खाली वाकून बोटाने उचलले, चोळले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी पावले मोजत राहिलो.

दोनशे सत्तरला आवाज ऐकू आला. डब्यातून काहीतरी ओतले जात होते, बुडबुड करत, सावकाश. त्याच्या मागे एक माणूस वाचत होता. सपाट आवाज, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबणारा. शब्द मला ऐकू यायच्या आधीच पाठ होते. ‘आम्ही खाली सह्या करणार, समक्ष हजर राहून, लिहून देतो की.’

पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ आहे: ‘सदर पंचनामा पंच क्रमांक एक यांनी मोठ्याने वाचून दाखविला.’ मी तो कधीही, कुठेही, कोणालाही वाचून दाखवला नव्हता.

धुके जरा हलले. पुरते नाही, पडदा कोपऱ्यातून उचलावा इतकेच. बर्चखाली तीन पाठी दिसल्या. एक रुंद. एक वाकलेली. तिसरीच्या डोक्यावर कानटोपी होती आणि तिचा डावा कान निळ्या दोऱ्याने टाचलेला होता. तो दोरा माझ्या बायकोने मरायच्या आधीच्या हिवाळ्यात घातला होता, घरात काळा नव्हता म्हणून. माझा हात माझ्या डोक्याकडे गेला. टोपी डोक्यावर होती.

ते तिघे काठावर अंतर राखून उभे होते. रुंद पाठ आणि टोपी यांच्यामध्ये जागा सोडलेली होती. एका माणसाची. नीट मोजून सोडलेली, जशी मी निरीक्षकाच्या सहीसाठी सोडतो.

वाचणारा थांबला. टोपी वळू लागली.

मी अग्नियाची बाही धरली आणि मागे फिरलो. तिला ओढतच आणले.

“अहो, काय झालं? कोण होतं तिथे? वेनियामिन साव्विच, हात दुखतोय माझा!”

“तुला काय दिसलं?”

“धुकं दिसलं. कोणी तरी बोलत होतं. तुमच्यासारखाच आवाज होता, म्हणून मला वाटलं तुम्हीच.” ती थांबली. “तुम्ही तर माझ्या शेजारी होतात.”

शेडपाशी फिल्याने वर पाहिले. “झालं समाधान?” त्याने विचारले. “आता दोघं मिळून गॅलोश धुवा.”

“सही करू नकोस,” मी तिला म्हणालो. आयुष्यात एवढे स्पष्ट वाक्य मी कचेरीच्या वेळेत कधी बोललो नव्हतो.

५

तिने सही केली नाही. गुरुवारी संध्याकाळी ती शहराच्या बसचे तिकीट काढून आली. शुक्रवारी दुपारी निघून ती सरकारी वकिलाच्याही वरच्या माणसाला भेटणार होती. चांगला बेत होता. फक्त कागद शुक्रवारी सकाळीच वर जाणार होते.

गेर्मान लुकिच माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला.

“साव्विच, तुझं अक्षर चांगलं आहे. तिच्या रुजू होण्याच्या अर्जावर तिची सही आहे. बघ आणि कर.”

“हे मला जमायचं नाही.”

“तीन महिने राहिले ना तुझे?” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि हे तू तिच्याच भल्यासाठी करतोयस. सही नसली तर सोमवारी तिला अटक. असली तर काही नाही. बस सोडेल, राग येईल, रडेल, राहील. पोरीचं आयुष्य तुझ्या हातात आहे म्हण.”

मी विचार केला. मी वाचन करणारा माणूस आहे, विचार नीट करतो. धुक्यात माणसाला काहीही दिसते. वारा असला की डबा वाजतो. स्वतःची टोपी स्वतःला पाठीमागून दिसत नाही, म्हणजे ती माझी होती हे मी कशावरून म्हणतो? निळे दोरे जगात पुष्कळ आहेत. उलट तुरुंग खरा आहे, त्याला पत्ता आहे, टपाल जाते. एका बाजूला धुके आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग असेल तर समजूतदार माणूस काय निवडेल?

गॅलोशचा विचार मी केला नाही. तो पुढे ढकलला.

तिची सही सोपी होती. एक मोठा अ, मग लाट, शेवटी माशाच्या शेपटीसारखा फराटा. पहिल्याच प्रयत्नात जमली.

शुक्रवारी सकाळी नऊला ती कचेरीत आली. बॅग खांद्याला होती. दारात उभी राहून तिने खाली पाहिले, आणि मग मीही पाहिले. तिचे बूट पिवळे होते, घोट्यापर्यंत.

“मी रात्रभर घरी होते,” ती म्हणाली. “दार आतून लावलं होतं.”

मी टेबलावरच्या फायली सरळ केल्या.

“कागद दाखवा.”

मी दाखवला. तिने सही बराच वेळ पाहिली, बोट फिरवले. मला वाटले आता फाडेल. मनात म्हटले, फाड बाई, फाड, नव्याने टाइप करायला मी कुरकुर करणार नाही.

“ही माझीच आहे,” ती म्हणाली. हे तिने प्रश्नासारखे म्हटले नाही. मग बॅग खाली ठेवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. बस दुपारी दोनला सुटली. खिडकीतून आम्हा दोघांनाही दिसली.

६

मी ठरल्या तारखेला निवृत्त झालो. मला भिंतीवरचे घड्याळ दिले. ते बंद आहे. फिल्या त्याच हिवाळ्यात फुप्फुसांनी गेला. गेर्मान लुकिचला बढती मिळाली, आणि अग्निया रोमानोव्ना आता मुख्य निरीक्षक आहे. वरच्या ओढ्यात मासे येत नाहीत असे म्हणतात. पंचनामे येतात.

अडचण एवढीच की कचेरीत नवा कारकून आला आहे आणि तो माझाच नमुना वापरतो. तारीख आणि क्रमांक बदलतो. पंचांची नावे बदलायची त्याला कधी सुचत नाही. सह्याही तोच करतो, त्याचेही अक्षर चांगले आहे. मी दोनदा अर्ज केला की माझे नाव वगळावे, आणि फिल्याचे तर वगळावेच, तो मेला आहे. दोन्ही वेळा उत्तर आले: ‘नोंद घेण्यात आली.’ या उत्तराचा मसुदा मीच एकेकाळी केला होता.

गॅलोश मी स्टोव्हमध्ये जाळले. त्याने फरक पडला नाही. आता माती पायांच्या नखांत असते.

गेल्या मंगळवारी मी दुकानात ब्रेडच्या रांगेत होतो. भर दुपार, माणसे, रेडिओ चालू. अग्निया माझ्या मागे येऊन उभी राहिली. केस पांढरे झाले आहेत. तिच्या कोटाला रॉकेलचा वास होता. मी नमस्कार केला, तब्येत विचारली, अंड्यांच्या भावाविषयी काहीतरी बोललो. तिने ऐकून घेतले. माझी पाळी आली तेव्हा ती पुढे झुकली आणि हलक्या आवाजात बोलली. त्या आवाजात तक्रार होती, पण फारशी नाही. रोज शेजारी काम करणाऱ्या माणसाबद्दल असते तेवढीच.

“वेनियामिन साव्विच, जरा भराभर वाचत जा हो. तुमचं होईपर्यंत आम्ही थंडीत उभे असतो. आणि फिल्याला आता उभं राहवत नाही.”